पुढे काकू, मागे काका

मित्रांनो, माझा रंग मूळचा गर्द हिरवा होता. आता तो फक्त सीटच्या खाली, जिथे ऊन पोचत नाही तिथे बोटभर उरला आहे. बाकी अंगावर कुठे काळपटपणा, कुठे गंजाचे तांबूस डाग. माझी घंटी वाजते, पण वाजण्याआधी जराशी खोकते. अशी मी एक जुनी सायकल. एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या मीटरशेजारी माझी जागा आहे. शाळेतून येता-जाता तुम्ही माझ्यासारख्या पुष्कळ जणी पाहत असाल आणि पाहून पुढे जात असाल. आज थोडं थांबा. मला तुम्हाला माझ्याबद्दल सांगायचं आहे, आणि ते सांगायचं तर काका-काकूंबद्दल सांगावंच लागेल.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. नळ्या कापल्या, जोडल्या, रंगवल्या, भट्टीत तापवल्या आणि कागदाच्या पट्ट्यांत गुंडाळून मला दुकानात पाठवलं, एवढंच लक्षात आहे. दुकानात मी दाराजवळ उभी असे. एके दिवशी तिशी ओलांडलेला एक माणूस आला. दुकानदाराने त्याला सवयीने विचारलं, मुलासाठी हवी आहे का? तो जरा लाजला आणि म्हणाला, नाही, मलाच हवी आहे. त्या काळी त्याच्या वयाची माणसं सायकली विकून स्कूटर घेत होती. याने मात्र माझं मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं आणि माझा आवाज नीट ऐकला. मग मान हलवली. झालं, मी त्याची झाले.

हेच काका. ते शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायचे. पानं सुटलेली, पाठ उसवलेली, कोपरे दुमडलेली पुस्तकं त्यांच्या खोलीत यायची. ते ती उसवून पुन्हा शिवत, खळ लावत, पुठ्ठा चढवत आणि दाबाखाली ठेवत. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा, आणि तो हळूहळू माझ्या हँडललाही यायला लागला. ग्रंथालयात लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते.

रोज सकाळी आम्ही निघायचो. गल्लीतून बाहेर पडलं की बेकरी, मग पूल, मग इस्पितळाच्या भिंतीलगतचा लांबलचक उतार. पुलाच्या चढावर काका सीटवरून उठून उभ्याने पायडल मारत आणि उतारावर पाय सोडून शीळ घालत. शीळ बेसूर असे, पण उतारावर ऐकायला कोण असतं? मीच.

रविवारी माझी आंघोळ. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने, मग चेनला तेल. कामावरून आणलेल्या बांधणीच्या जाड कापडाच्या तुकड्यातून त्यांनी मला सीटचं कव्हर शिवलं होतं, पुस्तक शिवतात तशा टाक्यांनी. पंक्चर काढणारा मिस्त्री म्हणायचा की या सायकलला माणसापेक्षा जास्त जपतात. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करू नये, पण मिस्त्रीच म्हणाला होता, म्हणून सांगते.

काकांची लेक लहानपणी माझ्या दांडीवर बसायची. घडी केलेला टॉवेल खाली घेऊन ती दोन्ही हातांनी हँडल धरायची आणि सायकल आपणच चालवतो आहोत अशा थाटात घंटी वाजवायची. काकू मागे कॅरिअरवर एका अंगाला बसायच्या. मांडीवर पिशवी आणि एक हात काकांच्या कमरेला. काकू एका रोपवाटिकेत कलमं बांधायच्या, रोपं एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत लावायच्या. त्यांच्या नखांत नेहमी माती असायची. लहानपणी एकदा भावाची सायकल घेऊन त्या गटारात पडल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी सायकलच्या सीटला कधी हात लावला नव्हता. त्या म्हणायच्या, मागे बसून जग छान दिसतं, मला पुढे बसायची हौस नाही.

लेक मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. दांडीवरचा टॉवेल गेला. काका-काकू मात्र तसेच, एक पुढे आणि एक मागे. अशी खूप वर्षं गेली, मित्रांनो, आणि ती चांगली गेली.

मग काहीतरी बिघडायला लागलं. ते सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं.

काका रस्त्याच्या डाव्या कडेला धडकायला लागले. आधी फुटपाथच्या दगडाला पायडल घासलं. मग एका कुंडीला. मग उभ्या हातगाडीच्या चाकाला. दर वेळी ते खाली उतरून मला तपासत, रस्ता कसला खराब केलाय म्हणत आणि पुढे निघत. रस्ता तोच होता. इतक्या वर्षांत त्यातला खड्डा न् खड्डा त्यांना पाठ होता. शीळही बंद झाली. उतारावरसुद्धा ते आता ब्रेक दाबून ठेवत, आणि त्यांच्या तळहातांना घाम येई.

मिस्त्रीने एकदा माझं वाकडं झालेलं रिम सरळ करता करता विचारलं, "काका, हे चाक सारखं डावीकडूनच कसं मार खातं?"

काकांनी पैसे दिले आणि मला घेऊन निघाले. घरी काकूंनाही काही बोलले नाहीत. मला बोलता आलं असतं तर मी बोलले असते. पण सायकलला तोंड नसतं, एक घंटी असते, तीही दुसऱ्याने वाजवावी लागते.

एका संध्याकाळी आम्ही ग्रंथालयातून परत येत होतो. इस्पितळाजवळ डावीकडून एक शाळकरी मुलगी रस्ता ओलांडायला उतरली. चांगला उजेड होता, ती धावतही नव्हती. मला वाटलं, आता ब्रेक लागेल. ब्रेक लागलाच नाही. माझ्या हँडलमध्ये तिच्या दप्तराचा पट्टा अडकला आणि ती रस्त्यावर पडली. काका मला टाकून धावले. मुलीचा गुडघा खरचटला होता, तळहात सोलले होते, आणखी काही नाही. तिची आई मागेच होती. ती ओरडली नाही. तिने लेकीला उचललं, पाण्याने गुडघा धुतला आणि काकांकडे नुसतं पाहिलं. काका पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिले की ती मला दिसलीच नाही.

त्या दिवशी ते माझ्यावर बसले नाहीत. मला हाताने ढकलत घरी आणलं. जिन्याखाली उभं केलं, कुलूप लावलं. काकू खाली आल्या होत्या. काकांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी मला देऊ नकोस."

मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. कित्येक महिन्यांपासून कडेचं दिसत नव्हतं. समोरचं दिसायचं, म्हणून वाटायचं की थकवा असेल, चष्मा बदलायला झाला असेल. खरं म्हणजे डॉक्टरांकडे जायचीच भीती वाटत होती. डोळे गेले तर पुस्तकं कशी बांधणार? काकू त्यांच्या शेजारी बसून ऐकत होत्या. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, उद्या आपण दोघं जाऊ.

डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू आहे असं सांगितलं. गेलेली नजर परत मिळणार नव्हती, उरलेली जितकी टिकेल तितकी औषधांनी टिकवायची होती. काकांची नजर कडेकडून मिटत आली होती, आणि मधोमध एक छोटी गोल खिडकी उरली होती. ती खिडकीही पुढे बारीक होत जाणार होती.

माझे वाईट दिवस सुरू झाले. जिन्याखाली दिवसभर अंधार. आधी पुढच्या चाकातली हवा गेली, मग मागच्या. कोळ्याने हँडलपासून मीटरपर्यंत जाळं विणलं. कुणीतरी माझ्या कॅरिअरवर रद्दीचे गठ्ठे ठेवले, कुणी दांडीला ओलं पायपुसणं वाळत घातलं. मला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते सकाळी. ठरल्या वेळी जिन्यावर काकांची पावलं वाजायची. आधी ती भराभर उतरायची, आता एकेक पायरी चाचपत यायची. माझ्याजवळ आली की ती थांबायची. काकांचा हात माझ्या सीटवरून फिरायचा. मग ते बसथांब्याकडे जायचे.

बसचं काही खरं नव्हतं. पाटीवरचा नंबर वाचेपर्यंत बस निघून जायची. विचारायला संकोच वाटायचा. एकदा ते भलत्याच थांब्यावर उतरले आणि अंधार पडायच्या बेताला, कुणा अनोळखी बाईचा हात धरून घरी आले. ग्रंथालयातल्या साहेबांनी त्यांना समजून घेतलं होतं. कापायच्या यंत्राचं काम दुसऱ्याला दिलं होतं, काकांना फक्त शिवायचं होतं, आणि शिवण त्यांची बोटंच करत. कामाची अडचण नव्हती. अडचण होती कामावर पोचायची. त्या आठवड्यात जिन्यात काकांचा आवाज आला. ते काकूंना सांगत होते की आता पुरे, मी घरीच बसतो.

लेकीचे फोन येत. तिचं म्हणणं होतं, दोघांनी तिच्याकडे राहायला जावं आणि ती सायकल आधी विकून टाकावी. बाबा एखाद्या दिवशी हट्टाने तिच्यावर बसतील, अशी तिला धास्ती होती. तिचं काही चुकत नव्हतं. बापाच्या काळजीनेच ती बोलत होती.

मग एक रंगारी मला बघायला आला. त्याला शिडी आणि डबे वाहायला सायकल हवी होती. भला माणूस होता. त्याने टायर दाबले, घंटी वाजवली, चेनवरचं जाळं बोटाने काढलं आणि म्हणाला की गाडी जीव असलेली आहे. काकू किल्ली घेऊन खाली आल्या. वाकून त्यांनी किल्ली कुलपात घातली आणि तशाच थांबल्या. मला त्यांचे हात दिसत होते. नखांतली माती, बोटांवरचे काट्यांचे जुने ओरखडे.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "ही विकायची नाही."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"तेव्हा विकायची होती. आता मी चालवणार आहे."

रंगाऱ्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, सांभाळून चालवा म्हणाला आणि गेला. तो गेल्यावर काकू पायरीवर बसून राहिल्या. आपण हे काय बोलून बसलो, असा त्यांचा चेहरा झाला होता. मग वर गेल्या. थोड्या वेळाने जिन्यातून काकांचं हसणं ऐकू आलं. किती महिन्यांनी आलं होतं ते! आधी मला वाटलं, ते थट्टेने हसताहेत. तसं नव्हतं. ते लगेच खाली आले, माझ्या अंगावरची रद्दी काढली, पायपुसणं फेकलं आणि काकूंना फडकं आणायला सांगितलं.

मिस्त्रीने मला नवे टायर घातले, ब्रेक कसले, सीट खाली घेतली. काकू उंचीने लहान. मधली दांडी त्यांना आडवी यायची, तर मला अंगाकडे तिरकं करून पाय कसा टाकायचा, ते त्याने दाखवलं. तीन वेळा दाखवूनही काकू चौथ्यांदा माझ्यासकट त्याच्या पाण्याच्या टपात गेल्या. तो म्हणाला, पंक्चर कुठे आहे ते बघायची ही पद्धत आहे, पण त्यासाठी माणसाने आत जायची गरज नसते.

शिकवणी सुरू झाली ती एका बंद गोदामामागच्या मोकळ्या आवारात. काकू सीटवर आणि काका मागे कॅरिअर धरून. विचार करा, मित्रांनो, काय शाळा असेल ती! शिकणारीला तोल नाही, शिकवणाऱ्याला दिसत नाही, आणि दोघांचं वय पन्नाशीच्या पुढे. पण काकांना माझा आवाज येत होता. काकू घाबरून पायडल थांबवायच्या तेव्हा माझ्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील टिकटिक करायचं, आणि काका मागून सांगायचे, थांबू नकोस, पाय चालू ठेव. काकू एकीकडे कलल्या की काकांच्या मनगटाला आधी कळायचं. आम्ही पडलो, पुष्कळ पडलो. कुंपणात पडलो, वाळूत पडलो, एकदा तर तिघंही एकमेकांच्या अंगावर पडलो. काकूंना आधी रडू यायचं, नंतर नंतर हसू यायला लागलं.

आणि एका रविवारी काकांनी कॅरिअर सोडलं. मला कळलं, कारण मी एकदम हलकी झाले. काकूंनाही कळलं, कारण मागचा धापांचा आवाज थांबला होता. पण त्या थांबल्या नाहीत. आम्ही दोघी आवाराच्या पार टोकाकडे गेलो. काका मधोमध उभे होते. आम्ही किती दूर गेलो ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी हाक मारली, "कुठे आहेस?"

काकूंनी उत्तर म्हणून घंटी वाजवली, आणि वाजवतच राहिल्या. काका त्या आवाजाच्या मागे मान वळवत होते. आम्ही भिंतीपाशी होतो तेव्हा भिंतीकडे, वळलो तेव्हा वळणाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी उतारावरच्या शिळेच्या दिवसांतसुद्धा पाहिलं नव्हतं. एवढंच की थांबायचं कसं, हे शिकवायचं राहून गेलं होतं. काकू कितीतरी वेळ गोल गोल फिरत राहिल्या आणि शेवटी काकांच्याच अंगावर येऊन थांबल्या.

यानंतर ओझ्याचा सराव. काकूंनी रोपवाटिकेतून मातीचं पोतं आणलं, ते कॅरिअरवर बांधलं आणि गल्ल्यांतून फिरल्या. मिस्त्रीने मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लोखंडी खुंट्या बसवल्या. शेवटी पोत्याच्या जागी काका बसले. त्यांनी काकूंच्या कमरेला हात घातला. मी जन्मभर त्या दोघांना वाहिलं होतं, पण असं उलटं कधीच नाही.

पहिले काही दिवस मजेत गेले. काकू मोठ्याने सांगत, खड्डा येतोय, आता डावीकडे वळतेय, आणि काका बरोबर तिकडे कलत. पुलाच्या चढावर दोघं उतरून चालत. मग एका सकाळी बेकरीपाशी वर्तमानपत्रं विकणारा ओळखीचा माणूस हसत म्हणाला, "काय काका, आज मागचं सामान तुम्हीच का?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. काकूही हसल्या. काका हसले नाहीत. कमरेवरचा त्यांचा हात निघाला आणि माझ्या सीटच्या स्प्रिंगवर गेला. ग्रंथालय एका वळणापलीकडे होतं. वळणाच्या अलीकडे ते म्हणाले, "मला इथेच उतरव. पुढे मी जातो. तू नीघ, तुला उशीर होईल."

त्या दिवसापासून रोज तसंच. काका कोपऱ्यावर उतरायचे. तिथून ग्रंथालयाच्या दारापर्यंत एक लांब दगडी भिंत होती. भिंतीवर बोटं टेकवून ते हळूहळू चालत जायचे. बायकोच्या मागे बसून आलेलं कामावरच्या कुणी बघू नये, असं त्यांना वाटत असावं. काकूंनी वाद घातला नाही. कारणही विचारलं नाही.

पण त्या जात नसत. हे फक्त मला माहीत होतं. त्या चार पायडल मारायच्या, म्हणजे काकांना चाकाचा आवाज दूर गेलेला ऐकू येईल. मग टपालपेटीच्या आड थांबायच्या. पुढचं नीट दिसावं म्हणून थोडं सरकायचं असलं तर माझं मागचं चाक उचलून धरायच्या, टिकटिक होऊ नये म्हणून. मीही अंग चोरून उभी राहायचे. काका दाराच्या आत गेले की काकू श्वास सोडायच्या आणि मग आम्ही भरधाव रोपवाटिकेकडे निघायचो. तिथे रोज उशीर, रोज बोलणी. ती त्यांनी मुकाट ऐकून घेतली.

एकदा भिंतीला टेकून कुणीतरी रिकामे खोके रचले होते. काका थेट तिकडेच चालले होते. काकूंचं तोंड उघडलं, पण आवाज त्यांनी आतच ठेवला. माझा ब्रेक त्यांच्या मुठीत करकचून आवळला गेला. काका अडखळले आणि गुडघ्यावर पडले. उठले, पँट झटकली आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे वळून पाहिलं. आम्ही हाकेच्या अंतरावर होतो, मित्रांनो. त्यांना दिसलो नाही. ग्रंथालयाचा दारवान धावत आला आणि त्यांना हाताला धरून आत नेऊ लागला. जाता जाता त्याची नजर टपालपेटीकडे गेली. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं. माझ्या हँडलवर पाण्याचे थेंब पडले. पावसाचे दिवस नव्हते.

दारवानाने काही दिवस तोंड मिटून ठेवलं. पण त्यालाही ते जड झालं असावं.

एका सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. कोपरा आला. काकूंनी ब्रेक दाबायला बोटं उचलली.

"थांबू नकोस," काका म्हणाले. "दारापर्यंत चल."

काकूंना वाटलं, पाय दुखत असेल. त्यांनी तसं विचारलं.

"पाय बरा आहे. दारवान सांगत होता. मी आत जाईपर्यंत तू इथे उभी असतेस. रोज."

काकूंनी ब्रेकवरून बोटं काढली. मी सावकाश चालत होते.

"मला वाटायचं, तू गेलीस," काका म्हणाले.

"जाते की," काकू म्हणाल्या. "तुम्ही आत पोचल्यावर जाते."

सीटच्या स्प्रिंगवरचा हात निघाला आणि पुन्हा काकूंच्या कमरेला आला. आम्ही त्या लांब भिंतीच्या कडेने गेलो. काकू नेहमीपेक्षा ताठ बसल्या होत्या. दारवानाने आम्हाला येताना पाहिलं आणि एरवी फक्त मोटारींसाठी उघडतो ते मोठं फाटक उघडलं. आम्ही आत शिरलो, थेट पायऱ्यांपर्यंत. वरच्या खिडकीत दोन-चार चेहरे आले. ग्रंथपालबाई पायरीवर थबकल्या. काका उतरले. त्यांनी कॉलर सारखी केली, माझ्या कॅरिअरवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संध्याकाळी इथेच ये. मी वाट बघतो."

कुणी हसलं नाही. ग्रंथपालबाईंनी काकूंना आत बोलावलं, पण काकू म्हणाल्या, आता नको, रोपं माझी वाट बघताहेत. परत जाताना त्या इस्पितळाच्या चढावरून न उतरता गेल्या. माझी चेन कुरकुरत होती, त्यांना धाप लागत होती, तरी त्या उतरल्या नाहीत. आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही रोपवाटिकेत वेळेवर पोचलो.

पुढे काका निवृत्त होईपर्यंत मी त्यांना रोज त्या पायऱ्यांपर्यंत नेलं. त्यांची गोल खिडकी बारीक होत गेली. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. लेक सुट्टीत आली तेव्हा तिने सज्ज्यातून आम्हाला गल्लीत शिरताना पाहिलं. ती खाली आली आणि गळ्यातल्या ओढणीने माझी सीट पुसली. परत गेल्यावर तिने स्वतःसाठी एक सायकल घेतली. आता ती त्याच सायकलवरून कामाला जाते आणि फोनवर वडिलांना चेनबद्दल शंका विचारते. काका तिला सांगतात, फोन चेनजवळ धर आणि पायडल फिरव, मी ऐकतो.

आता आम्ही संध्याकाळी तळ्याकाठी जातो. काकू पुढे बसून जे दिसेल ते सांगतात. कोण शिडीवर चढलंय, कुणाच्या खिडकीला नवे पडदे आलेत, कोणतं झाड कुणी चुकीचं छाटलंय. कधी कधी मनचंही सांगतात. परवा त्यांनी तळ्यात बकरीएवढं बदक असल्याचं सांगितलं. काका म्हणाले, मग त्यालाच माझ्या जागी बसव, मी चालत येतो. काकू एवढ्या हसल्या की आम्ही तिघंही पडता पडता वाचलो.

मित्रांनो, तुमच्या घरीही जिन्याखाली किंवा गॅलरीत माझी एखादी बहीण उभी असेल. तिच्या चाकात हवा भरा, चेनला तेल द्या, ओलं पायपुसणं दुसरीकडे वाळत घाला. सायकल जुनी झाली म्हणून संपत नाही. तिला रोज कुणीतरी बाहेर न्यायला हवं. आणि घरातलं मोठं माणूस आवडीची गोष्ट करायचं एकाएकी सोडून देत असेल, तर त्याची वस्तू विकायच्या आधी त्याच्याजवळ जरा बसा. काय झालंय, ते विचारा. कदाचित त्याला पुन्हा बाहेर पडायचं असेल, फक्त यापुढे मागच्या जागेवर बसून. पुढे बसायला कुणीतरी शिकलं म्हणजे झालं.

मला आणखी बोलायला आवडलं असतं. पण वर दार लावल्याचा आवाज आला. काकू काकांना म्हणताहेत, आज वारा छान आहे, लांबच्या वाटेने जाऊ. आता मला निघायला हवं.